लाल चौकट

* अशी खूण असलेले रकाने भरल्याशिवाय पुढे जाता येणार नाही.

नाव *

"मी मुद्दाम चुकीचंच भरणार हं," असं म्हणून बू रतिहनी, म्हणजे रतिहबाईंनी, खुर्ची पुढे ओढली.

त्या जिल्हा रुग्णालयाच्या नोंदणी विभागाच्या प्रमुख. डोंगरातून पहाटे निघून सेमारांग शहरात आल्या होत्या आणि आल्या आल्या बांबूच्या कोंबांच्या दोन गरम लुंपिया त्यांनी फस्त करून टाकल्या होत्या. आता त्या कामाला लागल्या. नावाच्या रकान्यात त्यांनी नुसते आकडे टाकले. चौकट लाल झाली. जन्मतारीख उद्याची टाकली. लाल. फोन नंबराच्या जागी नवऱ्याचं नाव टाकलं. लाल.

"टाका, टाका, काहीही टाका," कोह हान मागून म्हणाला. कोह म्हणजे दादा; ऑफिस त्याचं. "हवं तर सासूबाईंना पुरुष करून टाका."

"त्यांना करायची गरज नाही."

सगळे हसले. प्रायित्नो बाजूला हात बांधून उभा होता, तोही हसला. फॉर्म त्याने बनवला होता. हृदयाच्या, मूत्रपिंडाच्या, डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जायचं तर यापुढे खिडकीसमोर रांग नाही, मोबाइलवर हा फॉर्म भरायचा आणि तारीख घ्यायची. रुग्णालयाची मागणी एकच होती: कचरा आत येता कामा नये.

बू रतिहनी आता आपला सोळा आकडी ओळख क्रमांक टाकला, अगदी बरोबर टाकला, आणि खाली 'पुरुष'वर टिचकी मारली. चौकट लाल.

"आँ? ह्याला कसं कळलं मी बाई आहे ते?"

प्रायित्नोचे कान तापले. या प्रश्नाची तो सकाळपासून वाट बघत होता. "क्रमांकातच असतं, बू. मधे जन्मतारीख असते, आणि बाईमाणूस असेल तर दिवसात चाळीस मिळवलेले असतात. म्हणजे बारा तारखेला जन्मलेल्या पुरुषाचे बारा, आणि बाईचे बावन्न. मी ते पडताळून बघतो."

"बाईचा जन्म घेतला म्हणून चाळीस जास्त! मग पगारात का नाही धरत?"

पुन्हा हशा. मग त्या गंभीर झाल्या. "पण हे तपासायचं कुठं? आमच्याकडं आल्यावर?"

"नाही नाही. भरणाऱ्याच्या मोबाइलमध्येच. ते जावास्क्रिप्टमध्ये लिहिलेलं आहे. त्याने 'पाठवा' दाबलं की आधी तिथल्या तिथं सगळं बघितलं जातं. चूक असेल तर ते तिथून हलतच नाही. तुमच्यापर्यंत येतच नाही."

"म्हणजे मला दिसणारसुद्धा नाही?"

"नाही दिसणार."

"सुटले बाई," बू रतिह म्हणाल्या. "दलालांनी नुसता जीव नकोसा केलाय. खोटे नंबर टाकून तारखा अडवून ठेवतात आणि विकतात." मग त्या पडद्यावर वाकल्या. "हे इथं काय लिहिलंय? 'क्रमांक आणि लिंग जुळत नाही.' हे नको. कारण सांगितलं की ते मेले तेवढंच दुरुस्त करून परत येतात. नुसतं 'क्रमांक योग्य नाही' एवढंच म्हणा."

प्रायित्नोने वाक्य बदललं. बसल्या जागी, त्यांच्या देखत. पाच शब्दांच्या जागी तीन आले. चौकट तेवढीच लाल राहिली.

व्यवसाय

"म्हणजे तू नक्की काय करतोस रे, यित?"

आई हे दर ईदला विचारायची. दर ईदला प्रायित्नो वेगळं काहीतरी सांगायचा आणि दर ईदला ती "हो का" म्हणून भात वाढायची. सुंबिंग डोंगराच्या कुशीतलं गाव, मागच्या अंगणात बांबूच्या रिकाम्या ताट्या भिंतीला टेकवून ठेवलेल्या. तंबाखूचा मोसम अजून लांब होता.

प्रायित्नो चव्वेचाळीस वर्षांचा. त्याच्याबरोबर लागलेली पोरं जकार्ताला गेली, मोठ्या कंपन्यांत गेली, दोघं सिंगापूरला गेले. हा रकान्यांत राहिला. शाळाप्रवेशाचे फॉर्म, नळजोडणीचे फॉर्म, जन्माचे, लग्नाचे, मरणाचे. कोह हानने जिल्ह्याचं काम घेतलं की ते याच्या टेबलावर यायचं. याच्या हातून काही कोसळलं नाही आणि काही चमकलंही नाही. तो चाळीसचा पडताळा मात्र त्याला एका पहाटे आपोआप सुचला होता, आणि मग त्याने तो सगळ्याच फॉर्मना लावून टाकला होता.

"तुझं गोदामातलं काम होतं ना, सिंबोक," या वर्षी तो म्हणाला, "तसंच. पानं निवडायचं."

आई थबकली. सिंबोक म्हणजे आई, पण त्यांच्या घरात ते तिचं नावच होऊन बसलं होतं. खरं नाव लेगियेम. लेगीच्या बाजारदिवशी जन्मली म्हणून लेगियेम. तारीख कुणी लिहून ठेवली नव्हती. तिची सगळी उमर व्यापाऱ्याच्या गोदामात तंबाखूची पानं निवडण्यात गेली होती. चांगलं पान उजवीकडं, मध्यम डावीकडं, आणि डागाचं टेबलाखाली.

"तू निवडतोस?"

"माणसांनी भरलेलं निवडतो. बरोबर ते पुढे. चूक ते तिथंच थांबवतो."

"अगं बाई." तिला मनापासून आनंद झाला. "आणि खाली टाकलेलं कोण उचलतं?"

"कोण उचलणार? कुणीच नाही. ते कुठं पडलेलंच नसतं."

"आम्ही उचलायचो. सुट्टी झाली की बाया खाली बसून पदरात भरायच्या. आजीला ओढायला पुरायचं ते महिनाभर." आणि मग, पोराला वाईट वाटू नये म्हणून लगेच, "पण तुमचं आता सुधारलंय सगळं."

सुमियाती, त्याची थोरली बहीण, आतून सोयाबीनच्या टेंपेचे तळलेले काप घेऊन आली. नवरा गेल्यापासून ती आईजवळच राहायची आणि रस्त्यावर तळणीचा गाडा लावायची. "सिंबोकला निवडणाऱ्याचं काय सांगतोस! तिलाच एकदा चुकीच्या ढिगात टाकलं होतं."

"झालं का सुरू," आई म्हणाली.

झालं सुरू. हा किस्सा प्रत्येक ईदला व्हायचाच, केळीच्या पानातल्या चिकटभातासारखा. नवीन ओळखपत्रं आली तेव्हा सगळ्या वाडीची माहिती एका कारकुनाने एका बैठकीत टाकली होती, आणि लेगियेमच्या कार्डावर छापून आलं: पुरुष. बापू, म्हणजे वडील, तेव्हा जिवंत होते. ते कार्ड घेऊन चहाच्या टपरीवर गेले आणि म्हणाले, एवढी वर्षं मी एका बाप्याबरोबर संसार केला आणि मला पत्ता नाही. तरीच स्वयंपाक असा होता.

"आणि सिंबोक गेली की तालुक्याला चालत," सुमियाती सांगत होती. "कारकुनासमोर उभी. म्हणाली, तीन बाळंतपणं झालीत माझी, एक गेलं, दोन आहेत, बोलावून आणू का? घेतलंन बदलून कार्ड! बाई असं छापून घेतलंन!"

"कार्ड दिलं मेल्याने," आई म्हणाली. "नंबर तोच ठेवला. म्हणे नंबर जन्मात बदलत नाही."

प्रायित्नो तोंडात टेंपे घेऊन हसत होता. तो किस्सा ऐकून ऐकून इतका गुळगुळीत झाला होता की त्यात एक आकडा आहे, हे त्याला कधी टोचलंच नाही.

निघताना त्याने पाहिलं, स्वयंपाकघराच्या दोन पायऱ्या चढताना आई मधेच खांबाला धरून उभी राहिली. जणू काही आठवायला थांबली आहे अशी.

"काय झालं?"

"काही नाही. वारं बदललंय."

संपर्क क्रमांक *

सुमियातीचा फोन आला तेव्हा तो शाळाप्रवेशाच्या फॉर्मवर होता आणि कोह हान दारात उभा राहून घड्याळाकडे बोट दाखवत होता.

"यित, ऐक. दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी चिठ्ठी दिलीय. सिंबोकच्या पायाला सूज आहे आणि रात्री तिला आडवं पडवत नाही. हृदयाच्या डॉक्टरला दाखवा म्हणतात, लवकर दाखवा म्हणतात. तर तो तुझा फॉर्म भरतेय मी, आणि तो लाल होतोय."

"कुठं लाल होतोय?"

"नंबराला. 'क्रमांक योग्य नाही' म्हणतोय."

"मग नंबर चुकला असेल. सोळा आकडे आहेत ना? मोज."

"मोजले."

"शून्याच्या जागी ओ टाकलास का?"

"मी काय शेंबडी आहे का रे?"

"म्बाक," तो बहिणीला म्हणाला, "फॉर्म चुकत नाही. भरणारा चुकतो. नीट बघून टाक एकदा, चष्मा लावून." कोह हानने पुन्हा घड्याळ दाखवलं. "नाहीतर कार्डाचा फोटो पाठव, मी भरतो."

मागून आईचा आवाज आला. फोन स्पीकरवर होता, म्हणजे तिने सगळं ऐकलं होतं. "असू दे गं, त्याचं काम चाललंय. त्याच्या हातचं आहे ते, बरोबरच असणार. आपलंच काहीतरी चुकतंय."

फोटो आला नाही. त्याने शुक्रवारी नमाजानंतर फोन केला, तेव्हा आईनेच उचलला.

"झालं का ते, सिंबोक?"

"झालं, बाळा, झालं. तू जेवलास का?"

"तारीख कधीची मिळाली?"

"मिळेल की. सुमि बघतेय. तू गाडी सावकाश चालवत जा."

त्याचा जीव भांड्यात पडला. त्याच आठवड्यात बू रतिहचा कोह हानला निरोप आला होता: फॉर्म सुरू झाल्यापासून चुकीची एकही नोंद आलेली नाही. एकही नाही. कोह हानने त्या दिवशी सगळ्यांना बिर्याणी मागवली.

सर्व्हरवरील नोंद

या नावाची, या क्रमांकाची, या गावाची कोणतीही नोंद सापडली नाही.

(म्हणून ती इथं करावी लागते. सुमियातीने हे त्याला नंतर सांगितलं, भांडी घासता घासता, त्याच्याकडे न बघता.)

ओसरीवर दोघी बसल्या होत्या. आई कार्ड डोळ्यांपासून लांब धरून एकेक आकडा मोठ्याने वाचायची, सुमियाती टाकायची.

"तीन. तीन. परत शून्य."

"शून्य की आठ?"

"शून्य गं. आठाला कंबर असते."

लाल.

मग त्यांनी जागा बदलल्या. सुमियाती वाचणार, आई टाकणार. आईच्या बोटाला पडदा दाद देत नव्हता. आयुष्यभर पानं चाचपून तिची बोटं लाकडासारखी झाली होती. ती चिडून म्हणाली, "ह्याला जिवंत माणूस कळत नाही वाटतं." दोघी हसल्या. हसताना तिला धाप लागली, म्हणून थांबल्या.

लाल.

आईला वाटलं, कार्ड मळलंय. तिने ते साबण लावून धुतलं, उन्हात ताटीवर वाळत ठेवलं, पदराने पुसलं, आणि पुन्हा वाचलं. तेच आकडे. लाल.

"यितला फोटो पाठवते," सुमियाती म्हणाली.

"नको. तो सकाळी जातो तो अंधार पडल्यावर घरी येतो. आणि पोरानं बनवलेल्या दारात त्याच्याच आईला आत जाता येईना, हे त्याला कशाला सांगायचं? त्याला किती वाईट वाटेल."

दुसऱ्या दिवशी आई एकटीच मिनीबस पकडून जिल्ह्याच्या गावी गेली. रुग्णालयात खिडकी होती, पण खिडकीवर पुठ्ठा लावलेला. दारावरचा शिपाई चांगला माणूस होता. त्याने तिला खुर्ची दिली, पाणी दिलं. म्हणाला, "म्बाह, आजीबाई, आता सगळं मोबाइलवरून. घरी पोरंबाळं आहेत ना कुणी शिकलेली? त्यांना सांगा, दोन मिनिटांचं काम आहे."

"मुलगा आहे," आई म्हणाली. "त्यानंच केलंय ते."

शिपाई हसला. म्हातारी माणसं काहीबाही बोलतात, असं त्याला वाटलं असावं.

येताना तिने सुमियातीसाठी मार्ताबाकचा गरम पराठा आणला आणि सांगितलं, मोसम संपला की बघू. मोसमात कुणाला वेळ असतो.

मृत्यूची तारीख *

____

हा रकाना रिकामा ठेवता येणार नाही.

____

हा रकाना रिकामा ठेवता येणार नाही.

बरं. तंबाखू कापून ताट्यांवर वाळत घातला होता आणि आकाश भरून आलं होतं. सगळी वाडी ताट्या आत घ्यायला धावत होती. तिला कुणी सांगितलं नव्हतं, तरी तीही उठली. एक ताटी तिने आत नेली. दुसरी भिंतीला टेकवली आणि तिच्याच शेजारी, भिंतीला टेकून, ती खाली बसली. पाऊस काही आला नाही. सुमियातीला वाटलं, दमून बसलीय.

प्रायित्नो सेमारांगहून पोचला तेव्हा आंघोळ घालून झाली होती. लोक त्याचीच वाट बघत थांबले होते.

लिंग *

चाळिसाव्या दिवसाचा विधी होता. संध्याकाळी वाडीतले पुरुष प्रार्थनेला येणार होते, म्हणून दुपारपासून बाया मागच्या अंगणात आपेमच्या गोल जाड भाकऱ्या भाजत होत्या. पाक चारिक, म्हणजे गावचे सचिव, जरा लवकरच आले. त्यांनी खांद्यावरची पिशवी उतरवली आणि त्यातून सरकारी टॅब काढला.

"विधीच्या दिवशी काम काढतोय, राग मानू नका," ते म्हणाले. "पण मृत्यूची नोंद राहिलीय. जमिनीच्या कागदावर लेगियेमबाईंचं नाव आहे, उद्या तुम्हालाच त्रास होईल. आणि आता सोपं झालंय सगळं. फॉर्म आहे." मग त्यांना आठवलं. "अरे हो, तुमच्याच ऑफिसचा ना तो?"

"हो," प्रायित्नो म्हणाला.

"छान आहे हो. एकदम कडक. इकडचं तिकडं होऊ देत नाही."

सुमियातीने आतून कार्ड आणून दिलं. ते साबणाने धुऊन धुऊन पांढुरकं पडलं होतं, आईचा चेहरा धुक्यातून बघितल्यासारखा दिसत होता. पाक चारिकनी नाव टाकलं. जन्मतारीख टाकली, कारकुनाने पूर्वी अंदाजाने दिलेली. मृत्यूची तारीख टाकली. क्रमांक टाकला, तो प्रायित्नोनेच वाचून दाखवला. 'स्त्री'वर टिचकी मारली आणि 'पाठवा' दाबलं.

लाल.

*क्रमांक योग्य नाही.*

"हाच," दारातून सुमियाती म्हणाली. तिच्या हातात पिठाचा डाव होता. "अस्साच लाल व्हायचा."

"तरीच," पाक चारिक म्हणाले. त्यांना त्याचं काहीच नवल नव्हतं. "म्हाताऱ्या बायकांचं होतं असं कधी कधी. मला युक्ती माहीत आहे. 'पुरुष' करायचं, की जातंय." आणि त्यांनी बोट उचललं.

प्रायित्नोच्या हातात कार्ड होतं. त्याचा अंगठा आकड्यांवरून सरकत मधल्या जोडीवर आला. जन्माचा दिवस. तिथं तेवीस होते. त्रेसष्ट हवे होते.

बापू टपरीवर उभे राहून कार्ड नाचवत होते. एवढी वर्षं एका बाप्याबरोबर संसार. सगळे हसत होते. तोंडात टेंपे घेऊन तोही हसत होता. कार्ड बदललं, नंबर तोच ठेवला.

"थांबा," तो म्हणाला.

"अहो, होतंय की. नंतर कचेरीत जाऊन बदलून घेता येतं."

"नाही." हे सुमियाती म्हणाली. ती आत आली. "पुरुष नाही लिहायचं. तालुक्याला चालत गेली होती ती त्यासाठी. जिवंतपणी मी तेच म्हटलं होतं तिला. गंमत म्हणून म्हटलं, सगळं दाबून बघू, पुरुष पण दाबून बघू. तर म्हणाली, यितच्या फॉर्मवर खोटं नाही लिहायचं." ती भावाकडे बघत होती. "म्हणजे दाबलं असतं तर गेलं असतं?"

प्रायित्नोने हातातलं कार्ड उलटं केलं.

"यित. गेलं असतं?"

"हो."

मागच्या अंगणात कुणीतरी विनोद केला आणि बाया हसल्या. तव्यावरची आपेम करपत असल्याचा वास आला. सुमियाती तिथेच उभी राहिली. डावावरचं पीठ ठिबकत होतं, जमिनीवर, तिच्या पायावर.

"तू म्हणालास, भरणारा चुकतो."

"हो."

"ती मग मलाच म्हणायची, तुझे डोळे गेलेत सुमि. आणि मी तिला म्हणायची, तुझे." तिचा आवाज चढला नाही. चढला असता तर त्याला बरं वाटलं असतं. "आम्ही दोघी भांडलो रे त्यावरून. शेवटच्या आठवड्यात बोलत नव्हतो आम्ही दीड दिवस."

पाक चारिक टॅबकडे बघत बसले. मग घसा खाकरून म्हणाले, "वाडीत अजून दोघी-तिघी असतील अशा. त्या कारकुनाच्या हातच्या. कधीतरी येतात, लाल होतं, परत जातात. मी असलो तर युक्ती करतो. नसलो तर..." त्यांनी वाक्य सोडून दिलं.

प्रायित्नोने पिशवीतून लॅपटॉप काढला आणि आईच्या ओसरीवर, ती बसायची त्या चटईवर बसला. फाइल छोटी होती. सगळ्या फॉर्मना जोडलेली तीच एक. ती ओळ शोधावी लागली नाही; त्याला ती पाठ होती. 'स्त्री' निवडलं असेल आणि दिवस चाळिसाच्या आत असेल, तर थांबव. नीटनेटकी, सुरेख ओळ. लिहिली त्या पहाटे तो उठून खिडकीशी गेला होता आणि उगाच थोडा वेळ बाहेर बघत उभा राहिला होता.

त्याने ओळ पुसली. तिच्या जागी लिहिलं: जुळत नसेल तर शेजारी खूण कर, आणि पुढे जाऊ दे.

ओसरीच्या कडेला, जिथं सिग्नल येतो तिथं, लॅपटॉप हातावर धरून तो उभा राहिला. बदल वर चढला. लगेच फोन वाजला. कोह हान.

"अरे, सुट्टीवर आहेस ना तू? मुख्य फाइल कशाला बदललीस? तो चाळीसचा पडताळा काढलास?"

"काढला."

"का? बू रतिह मला खातील. तक्रार आली का कुणाची?"

"नाही आली."

"कुणाचीच नाही?"

"कुणाचीच नाही, कोह. एकही नोंद नाही."

मग कोह हान म्हणाला, "बरं. आज विधी आहे ना तुमच्याकडे? सोमवारी बोलू." तो वाईट माणूस नव्हता.

पाठवा

पाक चारिकनी फॉर्म नव्याने उघडला. पुन्हा पहिल्यापासून सगळं भरलं. प्रायित्नो आकडे वाचायला लागला, पण सुमियातीने कार्ड त्याच्या हातातून घेतलं आणि तिने वाचले. ती एकेका आकड्यापाशी थांबायची.

"शून्य की आठ?" पाक चारिकनी विचारलं.

"शून्य," सुमियाती म्हणाली. "आठाला कंबर असते."

स्त्री.

पाठवा.

टॅबवर एक छोटं चाक फिरत राहिलं. डोंगरातला सिग्नल. मग पडदा पांढरा झाला आणि त्यावर हिरव्या अक्षरांत एक वाक्य आलं. प्रायित्नोनेच ते कितीतरी वर्षांपूर्वी लिहिलं होतं, आणि तेव्हापासून प्रत्येक फॉर्मच्या शेवटी तेच चालत आलं होतं.

*धन्यवाद. तुमची माहिती आमच्यापर्यंत पोचली आहे.*

सुमियातीने वाकून ते वाचलं. मग पुन्हा एकदा वाचलं, ओठ हलवत.

"पोचली म्हणतंय," ती म्हणाली, आणि कार्ड पदराने पुसून पाक चारिकच्या हातात देऊन, आपेम उलटायला मागे गेली.